दीड फुटावरच्या रेघा

शाळेत माझ्यामागे पोरी मला शिट्टीबाई म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि त्याचा राग येत नाही. राग येतो तो डावा म्हटल्यावर उजवा पाय पुढे आला की. पूर्णा तालुक्यातल्या दोन शाळांमधून बावीस वर्षं मी लेझीम शिकवते आहे, आणि बावीस वर्षं एकच वाक्य ओरडत आले आहे, "आधी ताल ऐका, मग पाऊल टाका!" इतक्या वेळा म्हटलं की ते खरं आहे का, हे तपासायचं राहूनच गेलं.

ते तपासायची वेळ आणली माझ्या सासऱ्यांनी, माणिकरावांनी. त्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मामा म्हणते. ते मला सून म्हणून कधी हाक मारत नाहीत, 'मास्तरीण' म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मी शिट्टी गळ्यात घालूनच घरात वावरायचे, तेव्हापासूनची ती थट्टा. मामा रेल्वेत गँगमन होते. आधी पिंगळीच्या गँगमध्ये, मग चुडाव्याच्या, मिळून छत्तीस वर्षं. खांद्यावर हातोडा घेऊन उन्हापावसात रूळ तपासत चालायचं, ही नोकरी. म्हणजे चालण्याचाच पगार घेतलेला माणूस. आणि त्र्याऐंशीव्या वर्षी नेमकं तेच गेलं.

कंपवात. हात थरथरतात हे आम्ही दोन वर्षं पाहत होतो, पण गेल्या दिवाळीनंतर पाय अडकायला लागले. खाटेवरून उठून चार पावलं नीट टाकतील, आणि उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला डिंकानं चिकटवल्यासारखे. माणूस पुढे झुकलेला, पाय मागे. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोचत नाही. बाहेरून ताल देऊन बघा. मोजा, टाळ्या वाजवा, गाणं लावा. कधी कधी पाय त्याला ऐकतात."

ताल म्हटल्यावर मी पदर खोचला. माझा तर धंदाच तो. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी उभी राहिले आणि सुरू केलं, "एक, दोन, तीन, चार!"

मामा चौकटीला धरून हसले. "मला काय तुज्या शाळंतली पोरगी समजलीस का मास्तरीण?"

पाय हलला नाही. टाळ्या वाजवल्या, तरी नाही. माझ्या नवऱ्यानं, नागेशनं, मोबाइलवर भीमजयंतीची गाणी लावली. गाणं ऐकून मामांचे डोळे भरून आले, पाय होते तिथंच राहिले.

हे सगळं मी एवढं मनावर घेतलं होतं त्याला कारण होतं. आमच्या वस्तीत बाबासाहेबांच्या जयंतीला सकाळी, उन्हाच्या आत मिरवणूक निघते. विहारापासून गावच्या चौकापर्यंत. बासष्ट साली ती पहिल्यांदा निघाली तेव्हापासून पुढचा पंचशील झेंडा मामांच्या हातात. वीस वर्षांचे होते तेव्हापासून. अंगात ताप असतानाही त्यांनी तो दुसऱ्याला दिला नव्हता. यंदा वस्तीतल्या लोकांनी सुचवलं की मामांना उघड्या जीपमध्ये बसवू, झेंडा हातात देऊ. मामा म्हणाले, "झेंडा गाडीत बसून न्यायचा नसतो. चालता आलं तर येतो, न्हाई तर घरी ऱ्हातो. दुसऱ्याला द्या मग." आवाज शांत होता, पण त्या रात्री ते जेवले नाहीत. जेवणाऱ्या माणसानं जेवण टाकलं की घरातल्या बाईला कळतं काय ते. चौदा एप्रिलला मामा आपल्या पायांनी चौकापर्यंत गेले पाहिजेत, एवढी एकच गोष्ट मग माझ्या डोक्यात बसली.

मार्चअखेरीस रस्त्यावरून एक वरात गेली. मामा ओट्यावर खुर्चीत बसले होते. वरातीपुढं हलगी कडकडत होती. माझं लक्ष सहज त्यांच्या पायाकडं गेलं तर उजव्या पायाचा अंगठा हलत होता. नुसता थरथरत नव्हता, ठेक्यावर पडत होता, एकही ठोका न चुकवता. महिनाभर गाणी, टाळ्या, मोजणी, कशालाही दाद न देणारा पाय. वरात वळणाआड गेली आणि अंगठा थांबला.

आता हे सांगायलाच पाहिजे की आमच्या घरात हलगी चालत नाही. नागेशच्या लग्नात बँड होता, हलगी नव्हती. दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या पोरांनी जयंतीला हलगीपथक आणायचं ठरवलं, तेव्हा मामांनी निरोप धाडला की हलगी आली तर मी येणार नाही. पथक रद्द झालं. कारण सगळ्यांना माहीत होतं. धम्म घ्यायच्या आधी गावाची हलगी वाजवायचं काम आमच्या घराकडं होतं. गावानं बोलावलं की जायचं, लग्न असो, मयत असो. छप्पन साली मामांच्या वडलांनी ते सोडलं. एवढं मलाही माहीत होतं, आणि एवढंच आहे असं मला वाटत होतं.

मग मी जे केलं ते शहाणपणाच्या भरात केलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी पोरींना सांगते, स्वतःला सांगायचं विसरले. मी मनाशी म्हटलं, माणूस नको म्हणतोय, पण पाय हवं म्हणतायत. पायांना कुठं माहीत आहे इतिहास? त्यांना थोडं फसवलं तर काय बिघडलं?

आमच्या शाळेच्या लेझमीला भुजंग हलगी वाजवतो. पलीकडच्या गावचा, चाळिशीचा, हात असा स्वच्छ की एक ठोका दुसऱ्याला चिकटत नाही. त्याला मी तीन एप्रिलला बोलावलं. सांगितलं की पोरींचा सराव आहे, शेजारच्या भिंतीआड बसून वाजव, मी ओट्यावरून ठेका ऐकते. त्यानं काडीकचरा पेटवून हलगी शेकली, बोटानं टिचकी मारून पाहिली आणि बसला. एकही पोरगी आलेली नाही हे त्याच्या लक्षात आलं असणार, पण मॅडमना कोण विचारतो?

माझ्या सासूबाई सुलाबाई आत भाकरी करत होत्या. मामा खाटेवर होते. मी म्हटलं, "मामा, जरा अंगणात येता का? लिंबाखाली गार हाय." ते उठले. उंबऱ्याशी आले आणि नेहमीसारखे अडकले. मी घसा खाकरला. ती भुजंगला खूण होती.

हलगी वाजली आणि मामांचा पाय उचलला गेला.

त्यांनी उंबरा ओलांडला, ओट्याच्या दोन पायऱ्या उतरले, भिंतीला हात न लावता. अंगणात पाच पावलं, सहा, सात. चेहऱ्यावर एखाद्या पोराला पहिल्यांदा सायकल जमावी तसं हसू होतं. मी ओट्यावर उभी होते, गळ्यात शिट्टी, आणि मनातल्या मनात मलाच शाबासकी देत होते. अकरा पावलं मी मोजली.

बाराव्या पावलाला त्यांची पाठ वाकली. मला वाटलं तोल गेला. पण तोल गेला नव्हता. मान खाली गेली, डावा हात छातीशी आला, काहीतरी धरल्यासारखा, आणि उजवा हात त्यावर हवेत पडायला लागला. मग ते वळले. माझ्याकडं तोंड करून वळले आणि उलटे चालायला लागले. कमरेत वाकलेले, डोळे माझ्या पायांवर, एकेक पाऊल मागे, ठेक्यावर, बरोबर ठेक्यावर. मी उंचावर उभी आणि ते माझ्यासमोर वाकून मागे मागे चाललेले.

आतून सासूबाई पिठाच्या हातानं धावत आल्या. "बंद करा! बंद करा ते वाजवणं!"

हलगी थांबली. मामा रांजणाला टेकले आणि तिथंच खाली बसले. लागलं नव्हतं कुठं. पण स्वतःच्या डाव्या हाताकडं, त्या रिकाम्या तळव्याकडं ते ज्या नजरेनं बघत होते ती मला अजून झोपू देत नाही. भुजंग भिंतीआडून हलगी घेऊन आला. त्याला बघून मामा म्हणाले, "तुजा काय दोष न्हाई बाबा. चांगला वाजवतूस." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्या सोडलं व्हतं. ह्या पायानं सोडलं न्हाई."

भुजंग जाताना फाटकाशी थांबला. "ताई, मला खरं सांगायला पायजे व्हतं. मी वाजवलंच नसतं." त्याच्या डोळ्यात पाणी होतं. एकाच दुपारी मी दोन माणसांचा अपमान केला होता.

त्या दिवसापासून मामा माझ्याशी बोलायचं थांबले. राग नाही, आदळआपट नाही, नुसता अबोला. काही हवं असलं की सासूबाईंना सांगायचे, "तुज्या सुनंला म्हन, पानी ठेव." मी समोर उभी असायचे. मास्तरीण हा शब्द घरातून गेला, आणि तो गेल्यावर मला कळलं की तो शब्द मला किती हवा होता. मी रडले, न्हाणीत जाऊन रडले, आणि बाहेर येऊन नागेशवर उगाच खेकसले.

सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी सांगितलं. आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो, त्या मान वर न करता बोलल्या.

"गावात मोठ्याच्या घरचं लगीन असलं की हलगीवाल्यानं घोड्यापुढं चालायचं. पन नवरदेवाला पाठ दाखवायची न्हाई, आसा रिवाज. येशीपासून मांडवापर्यंत उलटं चालायचं, वाकून, वाजवत. हे तवा चौदा वर्षाचे. बाप अन् हे, दोघं वाजवायचे. एका वरातीत ह्येंचा पाय दगडाला लागला, पडले. ठेका तुटला, घोडा बुजला. नवरदेव काय पडला न्हाई, खाली बी आला न्हाई. पन सगळ्या वरातीम्होरं ह्येंला उठाबशा काढायला लावल्या. आन् ठेका धरायला कुनाला सांगितलं म्हाईत हाय का? बापाला."

मी निवडायचं थांबले.

"बाप वाजवायला लागला, लेक उठाबशा काढायला लागला. थांबला की लोक हसायचे. त्याच साली धम्म घेतला. बाप-लेकानं दोन्ही हलग्या नदीच्या डोहात सोडल्या. मला ह्येंनी एकदाच सांगितलं, लग्नाच्या दुसऱ्या साली. नागेशला बी म्हाईत न्हाई."

मी बावीस वर्षं ठेक्यावर पोरींना उठवते, बसवते. चुकली की 'पुन्हा' म्हणते. मला एकदम त्या सगळ्या पोरी आठवल्या.

सासूबाई पुढं म्हणाल्या, "तुला त्येंचं चालनं बगायचं व्हतं ना? म्या बगितलंय. पिंगळीला असताना म्या रुळापर्यंत भाकर घेऊन जायची. लांबून दिसायचे. खांद्यावर हातोडा, अन् सिलिपाटावरून सिलिपाटावर पाय टाकत यायचे. ताठ. कुनी म्होरं न्हाई, कुनी मागं न्हाई. गावात चालताना मान खाली असायची, रुळावर न्हाई. सिलिपाट दिसला की पाय पडला, सिलिपाट दिसला की पाय पडला. ते चालनं येगळंच व्हतं माय."

सिलिपाट म्हणजे रुळांखालचे आडवे ठोकळे. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी चुडाव्याच्या फाटकाजवळ स्कूटी थांबवली. फाटकावरच्या माणसाला सांगून शाळेची टेप काढली आणि दोन ठोकळ्यांमधलं अंतर मोजलं. दोन फूट. तरण्या माणसाला ते अंतर तोकडं पडतं, आणि दोन दोन ओलांडावे तर लांब. गँगमननं त्या मापावर आपलं चालणं बसवायचं असतं. मामांनी छत्तीस वर्षं बसवलं होतं. आता त्यांना दोन फूट झेपणार नव्हतं. मी मनात दीड धरलं.

पण या वेळी मी चोरून काही करणार नव्हते. संध्याकाळी त्यांच्या खाटेसमोर उभी राहिले. म्हटलं, "मामा, माझं चुकलं. तुमच्या पायाला इचारलं, तुमाला इचारलं न्हाई. आता सांगून करायलेय. अंगणात फक्कीच्या रेघा मारते, रुळावरच्या सिलिपाटासारख्या. चालायचं का न्हाई ते तुमी ठरवा. न्हाई चाललात तरी माझं काय म्हणणं न्हाई."

त्यांनी भिंतीकडं कूस बदलली.

मी खेळाच्या मैदानावर आखतो त्या पांढऱ्या फक्कीनं अंगणात दहा रेघा मारल्या. मामा खुर्चीत येऊन बसले, आणि दिवस मावळेपर्यंत त्या रेघांकडं बघत राहिले. शेजारची कोंबडी मात्र त्यावरून दोनदा चालून गेली. मामांनी पाऊल टाकलं नाही. रोज संध्याकाळी तेच. खुर्ची आणि रेघा. तेरा तारखेला नागेश म्हणाला, "सोड आता. झेंड्याला दुसरा माणूस बगायलेत."

चौदा एप्रिलला पहाटे मी फक्कीचं पोतं स्कूटीवर घालून विहारापाशी गेले. लेझमीतली माझी पुढची पोरगी, बबिता, मदतीला आली. नववीतली, जिभेला हाड नसलेली. विहाराच्या पायरीपासून चौकापर्यंत आम्ही रेघा मारत गेलो. दोनशे बारा झाल्या. "मॅडम, शर्यत हाय का?" बबितानं विचारलं. मी म्हटलं, "न्हाई. आजोबा आले तर त्यांच्यासाठी. न आले तर नुसत्याच." तिनं पुढं काही विचारलं नाही, आणि बबितानं न विचारणं म्हणजे नवलच.

सात वाजता सगळी वस्ती जमली. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. नागेशनं मामांना मोटारसायकलवर आणलं, वंदनेला येणार एवढंच ते म्हणाले होते. वंदना झाली. बाहेर टेम्पोवर आवाजाचे डबे लावले होते, गाणं सुरू झालं, माझ्या बत्तीस पोरी दोन रांगांत उभ्या राहिल्या. मामा दाराशी खुर्चीत, झेंडा दोन्ही हातांत. झेंडा घ्यायला कुणीतरी पुढं आलं. मामा तो द्यायला उठले, आणि उठल्यावर त्यांना पायरीखालून निघालेल्या रेघा दिसल्या. थेट चौकापर्यंत गेलेल्या.

त्यांनी झेंडा दिला नाही. उभे राहिले. पाय अडकलेलेच होते. टेम्पोवरचं गाणं धडधडत होतं आणि मला दिसत होतं की तो ठेका त्यांना मदत करत नाहीये, उलट धक्के देतोय. मी शिट्टी फुंकली आणि टेम्पोवाल्याला ओरडून सांगितलं, "बंद कर!" माझा आवाज असा काही लागला की त्यानं वायरच ओढली.

मग मी पोरींकडं वळले. बावीस वर्षांत जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "आज माझ्याकडं बघू नका. शिट्टी वाजणार नाही. आजोबांच्या पायाकडं बघा. पाय टेकला की लेझीम वाजवायची. पाय टेकला नाही तर हात हलवायचा नाही. कितीही वेळ लागला तरी."

मामांनी पहिल्या रेघेकडं पाहिलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग उजवा पाय उचलला आणि रेघेवर टेकला.

बत्तीस लेझमी एकदम वाजल्या. छन्न.

मामा दचकले. पोरींकडं पाहिलं. पुन्हा रेघेकडं. दुसरा पाय. छन्न. मग तिसरा जरा उशिरा, आणि लेझीमही उशिरा. चौथा लवकर, लेझीमही लवकर. असला वेडावाकडा ताल मी शाळेत एक मिनिटही चालू दिला नसता. पोरींच्या माना खाली, डोळे त्या थरथरत्या पायांवर, आणि एकीचीही चूक होत नव्हती. आठदहा पावलांनंतर मामांच्या लक्षात आलं की हा आवाज आपल्या पायातून निघतोय. तुम्हाला सांगते, त्यांची मान वर आली. पाठ पूर्ण सरळ व्हायचं वय राहिलं नव्हतं, पण मान वर आली.

सगळी वस्ती मागून चालत होती. सासूबाई पदर तोंडाशी धरून चालत होत्या. चौकाच्या अलीकडं जुन्या वेशीची जागा आहे, वेस पडून गेली, दोन दगड उरलेत. तिथं भुजंग उभा होता, रिकाम्या हातांनी. आणि तिथंच सकाळी कुणाची तरी बैलगाडी जाऊन माझ्या सातआठ रेघा पुसल्या गेल्या होत्या.

मामा थांबले. समोर नुसता मातीचा रस्ता. पाय चिकटले. अंग पुढं झुकलं, झेंडा थरथरायला लागला. लेझीम थांबली. माझा हात आपोआप शिट्टीवर गेला. एक फुंकर घालायची, मोजायला सुरुवात करायची, एवढंच करायचं होतं, आणि ते करायची माझी इतकी इच्छा होती की बोटं दुखत होती. मी शिट्टी गळ्यातून काढून नागेशच्या हातात दिली. नागेश पुढं जाऊन त्यांना धरणार होता, त्याला मी दंडाला धरून थांबवलं. बबिता मामांच्या पायाकडं बघत राहिली, तिचा हात हलला नाही.

वेशीचे दोन दगड, मधे मामा. सत्तर वर्षांपूर्वी वरात इथूनच आत येत असणार.

मामांनी झेंड्याची काठी उचलली आणि जमिनीवर आपटली. ठक्. आणि पाय उचलला गेला. छन्न. पुन्हा काठी, ठक्, पुन्हा पाय, छन्न. रेघ नव्हती, मोजणारं कुणी नव्हतं. त्यांची काठी पुढं पडत होती आणि त्यांचा पाय तिच्यामागून जात होता, आणि बत्तीस पोरी त्या पायामागून. सात पावलं ते असे चालले. मग पुन्हा रेघा लागल्या. पण त्यांनी काठी आपटायचं सोडलं नाही, चौकापर्यंत. भुजंग वेशीपासून आमच्याबरोबर चालला. दोन्ही हात मागे बांधलेले, आणि डोळे पुसायला सुद्धा त्यानं ते सोडवले नाहीत.

चौकात नागेशनं खुर्ची आणून ठेवली. मामा बसले. दम लागला होता, कपाळ घामानं भिजलेलं, झेंडा अजून हातात. लोक येऊन पाया पडत होते, त्यांना ते हातानं नको नको म्हणत होते. मी लांब उभी होते. जवळ जायची हिंमत होत नव्हती. त्यांच्या अबोल्याला अकरा दिवस झाले होते.

गर्दी जरा कमी झाल्यावर त्यांनी मान वळवून मला शोधलं.

"मास्तरीण."

मी पुढं गेले. वाकून त्यांच्या तोंडाशी कान नेला, कारण त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"सिलिपाट दोन फुटावर असतो," ते म्हणाले. "तू दीडवर टाकलेस."

"तुमाला झेपणार न्हाई वाटलं मामा."

त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. दोनशे बारा रेघा, मधे पुसलेल्या सातआठ, आणि त्या सगळ्यांवरून बत्तीस पोरींची आणि त्यांची पावलं.

"पुढल्या साली दोनवर टाक," मामा म्हणाले.